वहिनी, तुम्ही उतरा

ज्या माणसाबद्दल हे लिहितेय, त्याला इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमधली सगळी मराठी माणसं दादा म्हणतात. मीही म्हणते. समोर आला की 'या ना दादा, बसा ना दादा' सगळं साग्रसंगीत करते. पण इथे तो समोर नाही, आणि मी काही संत नाही. तेव्हा इथे त्याला 'तो'च म्हणणार.

आमच्यात सगळ्यात आधी तो आला. कोणाला भाड्याने घर हवं असलं, मुलांची शाळा बघायची असली, जुनी कार घ्यायची असली की दादाला फोन. आम्ही नवरा-बायको पुण्याहून आलो तेव्हा पहिला आठवडा त्याच्याच घरी जेवलो. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बाई कृतघ्न आहे. उपकार होतेच. पण त्या उपकारांच्या बदल्यात माझं नाक कापून त्याच्या हातात द्यावं, असं काही ठरलेलं नव्हतं.

आमच्या ग्रुपला नाद आहे तो फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या, घेऊन खडकाळ वाटांवर जायचा. इंग्लंडात अजून जुन्या बैलगाडीसारख्या वाटा आहेत, डांबर नाही, नुसते दगड आणि चिखल, आणि त्यातल्या काहींवर गाडी न्यायला कायद्याने परवानगी आहे. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्ट करायचं आणि शनिवारी अशा वाटेवर जाऊन हाडं खिळखिळी करून घ्यायची. बाकीच्यांना हा नाद दादाने लावला. मला नाही. माझा माझ्यापाशी आधीपासून होता.

अमेरिकेत वाळवंटात लाल दगडाच्या घळी आहेत. कॅन्यन. तिथे लोक जीप घेऊन उघड्या खडकाच्या पाठीवरून चढतात, गाडीचं नाक आभाळाकडे, खाली खोल दरी. पोळ्या लाटताना मी फोन डब्याला टेकवून ते व्हिडिओ बघायची. पोळी करपायची, नवरा म्हणायचा, बाई गं, गॅसकडे बघ. पुढे माझ्या बोनसमधून मी एक जुनी, चौकोनी, डिझेलवर धडधडणारी गाडी घेतली. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि ती चिरडत मीच पुढे नेली. शेजारची इंग्लिश म्हातारी पडद्याआडून बघत होती, बघू दे. मला एकच गोष्ट हवी होती. त्या लाल घळीत जायचं, आणि स्टिअरिंग माझ्या हातात असायला हवं. शेजारच्या सीटवर बसून कॅमेरा धरायला मी जाणार नव्हते.

माझी गाडी घेऊन पहिल्यांदा गेलो ते पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांमध्ये. पाच गाड्या, माझी सगळ्यात मागे. एका ठिकाणी वाटच दगडी पायऱ्यांसारखी झाली होती. अशा जागी बॉनेटमुळे ड्रायव्हरला पुढची जमीन दिसत नाही, म्हणून एक माणूस गाडीसमोर उभा राहतो आणि चाक कुठे ठेवायचं ते हाताने दाखवतो. त्याला स्पॉटर म्हणतात. माझा स्पॉटर माझा नवरा. आमच्या पुढच्या गाड्या वर पोचून वळणाआड गेल्या होत्या. मी गाडी लो रेंजला टाकली, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त, पहिला टप्पा चढले, दुसऱ्यापाशी थांबून नीट बघत होते, तेवढ्यात तो वरून चालत खाली आला. माझं दार उघडलं आणि धरून उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही उतरा. उगीच टेन्शन घेऊ नका, मी काढून देतो."

मी म्हटलं, मला टेन्शन नाहीये. तो हसला. दार धरूनच होता. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या कुठल्या मुलीला हे शिकवलेलं असतं, की वयाने मोठा माणूस आदराने 'तुम्ही' म्हणत, हसत, दार धरून उभा असेल तर त्याला 'दार सोडा' कसं म्हणायचं? दरडावला असता तर मी पण दरडावले असते. मी उतरले.

तो बसला आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला, दगडावर कधी दाबू नये तसा. गाडी उसळली. नवरा समोर उभा. उजवं चाक एका सुळक्याच्या दिशेने चाललंय हे मला बाजूने दिसत होतं, म्हणजे त्याला समोरून दिसत असणारच. अशा वेळी स्पॉटरने एकच करायचं असतं. हात वर करून ओरडायचं, थांब. माझा नवरा म्हणाला, "दादा, जरा, म्हणजे, थोडं डावीकडे घेता का..." त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत गाडी आपटली होती. पुढच्या चाकांना जोडणारा स्टिअरिंगचा दांडा वाकला आणि दोन्ही चाकं एकमेकांकडे तिरळी बघायला लागली.

तो उतरला, वाकून बघितलं, पँट झटकली. मग खिशातला वॉकी-टॉकी काढला आणि वरच्या सगळ्या गाड्यांना सांगितलं, "वहिनींकडून जरा मिस्टेक झाली. नवीन आहेत, होतं असं. दोर घेऊन या कोणीतरी."

इतक्या सहज! जिभेला हाड नाही ते नाहीच, लाजही नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो गाडीखाली बघत होता. खाली बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तरी बघत होता. मी तोंड उघडलं तर त्याने माझं मनगट दाबलं. परतीच्या वाटेवर टो-ट्रकच्या केबिनमध्ये मी त्याला विचारलं, तर म्हणाला, दादांना सगळ्यांसमोर कुठे तोंडघशी पाडायचं, गाडी तर दुरुस्त होईल. गाडी दुरुस्त झाली. खरंच झाली. पण माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती तिथेच राहिली.

तो एकदा खोटं बोलून गप्प बसला असता तर कदाचित मीही विसरले असते. पण त्याला तो किस्सा आवडला. गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती, तिथे उभं राहून त्याने नक्कल करून दाखवली. मी डोळे गच्च मिटले होते म्हणे. ब्रेक समजून भलताच पेडल दाबला म्हणे. 'अहो, अहो' करून नवऱ्याला हाका मारल्या म्हणे. मी माझ्या नवऱ्याला आयुष्यात कधी अहो म्हटलेलं नाही. लोक पोट धरून हसले. मी मोदक वाढत होते. त्याच्या पानात मोदक ठेवला, वर तूपही सोडलं, आणि मनात म्हटलं, खा, पोटभर खा, घोडामैदान जवळच आहे.

एका मैत्रिणीला मी खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पण तुझा नवरा तर काहीच बोलला नाही."

बघा आता. माझ्या शब्दापेक्षा त्याचं गप्प बसणं मोठं ठरलं. तो मूग गिळून बसला होता आणि त्याचा पुरावा माझ्याच विरुद्ध गेला. त्यानंतर मी कोणालाही सांगायला गेले नाही. मी डूख धरला. लोक म्हणतात मनात काही ठेवू नये, तब्येतीला वाईट. मला तर छान मानवलं. सकाळी उठायला कारण मिळालं.

तशात दादाने जाहीर केलं की पुढच्या ऑक्टोबरात सगळ्यांनी अमेरिकेला त्या कॅन्यनमध्ये जायचं. तिथे जीप भाड्याने घ्यायच्या. कोण कुठली गाडी चालवणार ते त्याने आपल्या घरी, बटाटेवडे खाता खाता ठरवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, वहिनी आपल्या खानपान मंत्री. त्यांनी मस्त मागे बसायचं आणि आम्हाला खायला घालायचं. पुन्हा सगळे हसले. माझा नवराही हसला. मोठ्याने नाही, अर्धवट, पण हसला. मी पाहिलं.

माझी जागा होती ती. ते व्हिडिओ मी बघितले होते, ती गाडी मी घेतली होती, आणि माझ्याच स्वप्नातली स्टिअरिंग दुसऱ्यांना वाटून झाली होती. घरी येताना मी ठरवलं की ही जागा मी परत घेणार. मागून घेणार नाही. आणि त्याच्याच तोंडून खरं वदवून घेणार, तेही ज्या लोकांनी दात काढले त्यांच्यासमोर. मला न्याय वगैरे मोठे शब्द नको होते. मला सूड हवा होता.

मग मी शिकायला लागले. वेल्समध्ये एक बाई आपल्या शेताच्या डोंगरावर गाडी चालवायला शिकवते. मी शनिवारी तिच्याकडे जायची, घरी सांगायची ऑफिसचं रिलीज आहे. ती बाई प्रत्येक वाक्यात मला लव्ह म्हणायची आणि तितक्याच प्रेमाने कानठळ्या बसतील असं ओरडायची. तिने मला उतारावर ब्रेकऐवजी गिअरवर गाडी धरायला शिकवलं, अडकलेली गाडी पट्टा लावून ओढायला शिकवलं. मुख्य म्हणजे ओरडायला शिकवलं. पहिल्यांदा मी तिच्यासाठी स्पॉटिंग केलं तेव्हा 'स्टॉप, प्लीज' म्हटलं. तिने गाडी थांबवली, काच खाली केली आणि सांगितलं, प्लीज म्हणेपर्यंत मी दरीत गेले असते, लव्ह. परत म्हण.

अमेरिकेला जायच्या आधी सराव म्हणून दादाने सगळ्यांना वेल्समधल्याच एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत बोलावलं. पैसे भरून गाड्या घालता येतात अशी जागा. तिन्ही बाजूंना कापलेले उभे कडे, मध्ये फरशांचे उतार. पाऊस नव्हता, दगड कोरडे होते. त्याने नवीकोरी गाडी आणली होती, लाल, अजून सीटवरचं प्लास्टिक न काढलेली. त्याची बायको आणि बाकीची मंडळी खाली डबे उघडून बसली होती. वरच्या टोकाला आम्ही तिघं. तो त्याच्या गाडीत, मी त्याच्या मागे माझ्या गाडीत, आणि माझा नवरा त्याच्या पुढे, स्पॉटर म्हणून. दादाला दुसरा स्पॉटर चालत नसे. का चालेल? दुसरा कोणी त्याला थांब म्हणाला असता तर!

तो उतरायला लागला. वाट उजवीकडून होती, डावीकडे फरशी संपून माणूसभर उंचीचा कडा होता. मी गाडीतून उतरून बाजूला उभी राहिले होते. त्याचं डावं चाक हळूहळू कडेला सरकताना मला दिसलं. नवरा समोरून म्हणत होता, "दादा, थोडं इकडे... बघा हं, जरासं..." आणि हात असा हलवत होता की पाहुण्याला पुन्हा वाढू का विचारतोय. मला ओरडता आलं असतं. घसा तयार होता. मी ओरडले नाही. लिहिताना तरी खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम ओरडले नाही.

धप्प करून चाक कडेवरून गेलं. गाडी पोटावर दगडावर बसली, नाक खाली, डावं चाक हवेत लटकतंय. तो आत सीट बेल्टला लटकल्यासारखा पुढे झुकलेला, समोर फक्त खालचे दगड. नवरा पांढरा पडून उभा. मी धावत जाऊन माझ्या गाडीतला पट्टा काढला, एक टोक त्याच्या गाडीच्या मागच्या हुकात, दुसरं माझ्या गाडीच्या पुढच्या हुकात, हँडब्रेक ओढला, माझ्या चाकांपुढे दगड लावले. आता त्याची गाडी केसभरही पुढे जाणार नव्हती. हे मला माहीत होतं. त्याला आतून मागचं काही दिसत नव्हतं, आणि मी त्याला सांगितलं नाही.

मग मी पुढे गेले, नवऱ्याच्या हातातून वॉकी-टॉकी घेतला आणि म्हटलं, ब्रेकवरचा पाय काढू नका, हलू नका, माझ्याकडे बघा. त्याने बघितलं. घामाने चष्मा नाकावर घसरला होता, तो वर करायलाही त्याचा हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हता. "वहिनी," तो म्हणाला, "आता काय करू?" त्याची काच उघडी होती आणि मी बटण दाबून धरलं होतं, त्यामुळे खालच्या सगळ्यांच्या वॉकी-टॉकीवर ते ऐकू गेलं.

"पीक डिस्ट्रिक्टमध्ये माझी गाडी कोणी आपटली, ते आधी सांगा."

"वहिनी, ही वेळ आहे का?"

"हीच आहे."

नवरा माझ्या शेजारी कुजबुजला, अगं, काय करतेस, त्यांचं ब्लड प्रेशर. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. खाली डब्यांची झाकणं वाजायची थांबली होती. मी वाट बघत होते. मला घाई नव्हती, कितीतरी दिवस थांबले होते, अजून थोडं थांबायला काय जातंय.

"मी आपटली," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मी त्याला परत बोलायला लावलं. "मी चालवत होतो. वहिनी बाहेर उभ्या होत्या. त्यांची चूक नव्हती."

काय सांगू तुम्हाला काय वाटलं! लोक म्हणतात सूड घेऊन हाती काही लागत नाही. ज्यांच्या हाती लागला नाही तेच म्हणत असणार. मला तर उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायल्यासारखं पोटापर्यंत गार वाटलं. मग मी त्याला मागे घेतलं. रिव्हर्स लो, माझ्या हाताकडे बघा, दुसरीकडे कुठेही नाही. नवऱ्याला माझ्या गाडीत बसवून पट्टा मागून ताणायला लावला. "थांबा!" मी अशी ओरडले की समोरच्या कड्यावरून आवाज परत आला. तो थांबला. उजवीकडे म्हटलं, त्याने उजवीकडे घेतलं. एकदाही 'जरा' म्हटलं नाही मी. गाडी कडेवरून वर आली, आणि मग मीच त्याला बोट दाखवत दाखवत खालपर्यंत उतरवून दिलं.

खाली सगळे एकदम फार कामात होते. कोणी चटणी शोधत होतं, कोणी कप पुसत होतं. जिला मी सगळं सांगितलं होतं ती मैत्रीण मला म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं गं. वाटलं होतं म्हणे! त्याची बायको त्याला पाणी देऊन लांब जाऊन बसली. थोड्या वेळाने तो माझ्याकडे आला आणि विचारलं, झालं समाधान? मी म्हटलं, हो, झालं. तो मान खाली घालून म्हणाला की तिकडे कॅन्यनमध्ये पुढची गाडी मी चालवावी. मी ठीक आहे म्हटलं आणि प्लेटीत थालीपीठ घेतलं. त्या दिवशी मला सणकून भूक लागली होती.

परत येताना मोटरवेवर गाडी मीच चालवत होते. नवरा बाहेर बघत म्हणाला, बरं झालं, बोलले एकदाचे दादा. जसं काही तोही माझ्याबरोबर इतके दिवस त्याचीच वाट बघत होता. मी पुढच्या थांब्यावर, सर्व्हिसेसला, गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं.

"तो घाबरला म्हणून बोलला," मी म्हटलं. "तू कशामुळे गप्प होतास?"

त्याने खोटं काही जुळवलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. जे होतं ते सांगितलं. "मला वाटलं, दादांना सहन झालं नसतं. तुला होईल."

मी कॉफी आणायला म्हणून उतरले आणि दुकानात सँडविचच्या फ्रीजसमोर उभी राहिले. ज्याच्यावर डूख धरायचा तो इतके दिवस रोज माझ्याच ताटातलं जेवत होता. दादाने माझ्या हातातलं स्टिअरिंग घेतलं ते घेतलंच, पण माझी सोसायची ताकद किती ते बघून मला त्याच्या हवाली कोणी केलं होतं? आता रडण्यात अर्थ नव्हता. एक कॉफी घेतली, माझ्यापुरती, आणि परत आले.

ऑक्टोबरात आम्ही गेलो. तो लाल दगड व्हिडिओत दिसतो त्यापेक्षा जास्त खरखरीत आहे, टायर त्याला मांजरीच्या नखासारखा धरतो. पुढची जीप मी चालवत होते. शेजारी दादाची बायको, तिने स्वतःहून ती जागा मागितली होती. मागच्या जीपमध्ये दादा आणि माझा नवरा. जागा मीच नेमून दिल्या होत्या, कोणी चकार शब्द काढला नाही. चढ संपले की मध्ये लांबच लांब वाळूची वाट लागायची, आणि पुढच्या गाडीची धूळ मागच्या गाडीने खायची असा तिथला नियमच आहे. त्यांच्या जीपला काचा नव्हत्या. आरशात मला ती फक्त एका तांबड्या ढगात हलताना दिसत होती.

वॉकी-टॉकी खरखरला. माझ्या नवऱ्याचा आवाज होता, खोकत होता. धूळ फार येतेय, श्वास घेता येत नाहीये, जरा हळू घेतेस का, म्हणून त्याने विचारलं. मग पुन्हा विचारलं, या वेळी माझं घरातलं नाव घेऊन. दादाच्या बायकोने वॉकी-टॉकी उचलून माझ्यापुढे धरला.

मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. मी काहीच बोलले नाही.